आसरेचा हात

रविवार, ५ जानेवारी १९८६

आज मी वेडी व्हायचीच बाकी आहे. ऑफिसातली जयंती घाटकोपरला तिच्या सोसायटीत घेऊन गेली. तिथल्या गॅरेजमध्ये चारजणी ठसे छापतात. लिनोलियम कोरायचं, शाई फासायची, वर कागद दाबायचा – झालं चित्र! भिंतीवर वेताळ होता, लेसची कॉलर लावून. हडळ होती, झालरीच्या गाऊनमध्ये चहा पीत. भोवती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्यासारखी वेलबुट्टी. गोष्टी आपल्याच, आणि थाट हा असला.

त्यांच्यातल्या मोठ्या रत्नप्रभाताई म्हणाल्या, "बघत काय बसलीस गं? कोर की." पुढच्या महिन्यात तिथेच प्रदर्शन आहे. जमलं तर माझाही ठसा लावणार! दिवसभर कंपनीत दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज ट्रेस करते मी. एक तरी माझं हवंय. हवंच आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

आईकडून गावच्या डोहातल्या आसरांची, पाण्यातल्या देवींची, गोष्ट पुन्हा ऐकली. लग्नघरच्यांनी डोहाला सांगून यायचं, सकाळी काठावर भांडी हजर. मी ठरवलं – पाण्यातून वर आलेली आसरा, हातात तपेलं. आई म्हणाली, "देवीची मस्करी करू नको, सांगान ठेवतंय."

रविवार, १९ जानेवारी

आसरेच्या गाऊनच्या फुग्याच्या बाह्या कोरून झाल्या. बोटही कोरलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

वाट लागली.

छापून कागद उचलला, तर आसरा तपेलं डाव्या हाताने देतेय. लग्नघरी, डाव्या हाताने! ठसा उलटा उमटतो हे ऐकलं होतं, पण हाताला ट्रेसिंगची सवय. समोर दिसतं तसंच्या तसं उतरवलं. रडूच आलं.

रत्नप्रभाताई पोट धरून हसल्या. "माझ्या पहिल्या गणपतीची सोंड अशीच फिरली होती." पुन्हा कोरायला वेळ नाही. लावायचा की नाही, तू ठरव, म्हणाल्या.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लावा म्हणून सांगितलं. आता आईला येऊ नको कसं सांगू?

रविवार, ९ फेब्रुवारी

आई आली. नवी साडी नेसून. वेताळाची कॉलर बघून हसली, हडळीला तर "मेली काय नटलीसा" म्हणाली. मग माझ्या आसरेपुढे थांबली. थांबलीच. मी खांबाआड.

बसस्टॉपवर हळूच म्हणाली, "मी ल्हानपणी डावखुरी होतंय, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

कोणीच नाही, म्हटलं.

"आवशीन हातार चटको दिल्यान, तेव्हा उजव्या हातान जेवाक लागलंय." आजीचं हे एवढं बोलून बस आली का ते बघायला लागली. मी तिचा हात धरून उभी राहिले.

सोमवार, १० फेब्रुवारी

कामावरून आले. आई पाटावर बसून उरलेल्या लिनोच्या तुकड्यावर काहीतरी कोरत होती. डाव्या हाताने.