यादीतलं पहिलं नाव

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि तुझ्या दवाखान्यातल्या सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. इकडे आम्ही बरे आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. पोस्टाला नावं ठेवणार होतो, पण हे पत्र पोस्टाने येत नाहीये, म्हणून तीही सोय राहिली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शिबिरासाठी तुमच्याकडे येताहेत, त्या ते तुझ्या हातात देतील. वाचून झालं की जाळून टाक. फोनवर काही बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. तू जरा खोलात विचारायला लागलीस की मी फोन बाबांच्या कानाला लावून देतो, हेही एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. बाबा कसे आहेत, पाळकसाहेब का लिहीत नाहीत, आणि जानेवारीच्या सुट्टीचं तिकीट काढू का.

बाबांचा उजवा हात अजून वळत नाही. बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. खिडकीशी बसतात, समोरच्या लाँड्रीवाल्याच्या दुकानात कोण आलं कोण गेलं यावर त्यांची बारीक नजर असते. औषध घ्यायला लहान मुलासारखी कुरकुर करतात. वजन बरंच उतरलंय. डॉक्टर म्हणाले, 'जपा.' किती दिवस, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता पाळकसाहेब. तू गेलीस तेव्हा आपण चाळीस माणसं होतो आणि पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडायचो. गेल्या वर्षी दोनशेच्या वर गेलो. रविवारी दोन उपासना, तरी माणसं जिन्यात उभी. तुझं पत्र वाचून दाखवलं होतं ना, तुमच्याकडे नदीकाठी अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला ते? त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्याकडे चौदा झाले. पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, 'पोरीला कळवा, आपण तीनने पुढे आहोत.' सगळे हसले होते.

सरकारच्या नजरेत भरलो ते त्या जिन्यामुळेच. आधी दोन माणसं येऊन जिन्याची रुंदी मोजून गेली. मग इमारत धोकादायक असल्याची नोटीस. मग दाराला सील. पाळकसाहेबांनी फुटपाथवर उभं राहून उपासना घेतली, आणि तिसऱ्या रविवारी त्यांना उचललं. इथून सहा तासांच्या अंतरावर ठेवलंय. त्यांची बायको महिन्यातून एकदा जाते. धोबीखान्यात कामाला लावलंय म्हणे. 'आयुष्यात घरी एक रुमाल धुतला नाही या माणसाने,' असं ती सांगते, हसते आणि मग रडते. चादरी पिळता पिळता दोघा कैद्यांनी त्यांच्याकडे प्रार्थना शिकवा म्हणून मागणी केली आहे. म्हणजे तिथेही मंडळी सुरू झालीच म्हणायची.

इथे आम्ही घराघरांत जमायला लागलो. आठ-दहा माणसं, गीत हळू आवाजात, चपला दाराच्या आत. कुणी कुठे जमायचं, या आठवड्यात कुणी येऊ नये, हे सगळं गणिताच्या बाई ठरवायच्या. आपल्याला दोघांनाही शिकवलेल्या, तुझं कौतुक करणाऱ्या आणि माझा कान पिळणाऱ्या त्याच. कुठेही कागद नाही. सगळं डोक्यात.

जूनमध्ये मला बोलावलं.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका शिलाई मशीनचं शटल उघडून बसलो होतो, दोघे आले, म्हणाले, 'चला, दहा मिनिटांचं काम आहे.' हातही धुवू दिले नाहीत. सकाळी नऊला गेलो, सुटलो संध्याकाळी सहाला. खोली साधीच. टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर आणि कुणाकुणाचे पासपोर्टचे फोटो. साहेब सभ्य होता. हात लावला नाही, आवाज चढवला नाही. चहा पाजला. एकच प्रश्न, फिरून फिरून. घरांचं कोण ठरवतं?

मी म्हटलं, माहीत नाही. दुपारपर्यंत माहीत नाही, माहीत नाही. मग तो म्हणाला, 'तुमच्या वडिलांना माहीत असेल. त्यांना घेऊन येऊ. चालता येत नाही ना त्यांना? खुर्चीसकट आणू.' आणि त्याने खरंच फोन उचलला.

बाईंचं नाव माझ्या जिभेवर होतं, ताई. ते गिळलं आणि तुझं नाव घेतलं.

म्हणालो, 'माझी बहीण ठरवते. ती परदेशात मिशनच्या दवाखान्यात आहे. तिकडून फोनवर सांगते, इथे सगळे तसं करतात.' त्याने फोन खाली ठेवला. तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा पत्ता, सगळं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

खरं सांगू? बाहेर आलो तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. बाई वाचल्या, बाबा वाचले, आणि तू तर हजारो मैल लांब. तुला कोण काय करणार? बाबांची औषधं घेतली, घरी आलो, पोटभर जेवलो. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्तच गप्पा मारल्या.

ऑगस्टमध्ये आपल्या इलेक्ट्रिशियनची बायको परदेशातल्या लेकीचं बाळंतपण करून परत आली. विमानतळावर तिला बाजूला घेतलं, एक यादी समोर धरली आणि विचारलं, यातलं कोण ओळखीचं? पहिलं नाव तुझं होतं. पुढे लिहिलं होतं, 'प्रमुख. आल्यास ताब्यात घ्यावे.' ती घाबरून नाही म्हणाली आणि तशीच माझ्या दुकानात आली. तिला वाटलं, कुणीतरी वैऱ्याने केलं.

तिकीट काढू नकोस, ताई. जानेवारीतही नाही आणि त्यानंतरही नाही.

मी बाईंकडे गेलो. त्या सातवीच्या मुलींची शिकवणी घेत होत्या. मुली जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, थोडं तरी बरं वाटेल त्यांना. त्या बराच वेळ फळा पुसत राहिल्या.

'माझ्यासाठी केलंस?' त्यांनी विचारलं.

'हो, बाई.'

'मला विचारलंस?'

'नाही.'

'तिला?'

मी खाली पडलेला खडू उचलून फळ्याशी ठेवला.

'मग ज्याच्यासाठी केलंस त्याचं नाव नीट सांग. माझं सांगू नकोस.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेची जुनी पर्स काखेला लावून त्या कार्यालयात गेल्या. मला सांगितलंही नाही. साहेबाला म्हणाल्या, 'तुमच्या कागदावरचं उत्तर चुकलंय. घरांचं मी ठरवते. दुरुस्त करा.' तिथल्या शिपायाची मुलगी त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्याच्याकडून हे कळलं. बाईंना ठेवून घेतलं. तुझं नाव काही खोडलं नाही. खाली त्यांचं जोडलं, एवढंच.

मीही गेलो. माझा जबाब खोटा होता, असं लिहून दिलं. साहेब हसून म्हणाला, 'एकदा हो, एकदा नाही. तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?' कागद फाइलमध्ये ठेवला. पोच दिली नाही. कधीही बोलावतील. एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

मग मंडळीला सांगितलं. एका घरी नाही, प्रत्येक घरी जाऊन. तोवर घरं अकरा झाली होती, म्हणजे अकरा वेळा सांगावं लागलं. पहिल्याच घरी एक आजोबा उठून गेले, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. चौथ्या घरात शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, 'मी या मंडळीचा सभासदच नाही, असं मीही त्यांना सही करून दिलंय.' त्याच्यामागून आणखी तिघे. कुणी कुणाला शाबासकी दिली नाही. नंतर गुडघे टेकून प्रार्थना केली, पाळकसाहेबांसाठी, बाईंसाठी, तुझ्यासाठी.

आता घरांचं मी ठरवतो. दुसरं कुणी तयार नव्हतं आणि मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आज सतरा घरं आहेत. बाईंना भेटायला दर बुधवारी जातो. पाठ दुखते म्हणतात, बाकी तक्रार नाही. तिथल्या बायकांना अक्षरओळख शिकवताहेत. गेल्या बुधवारी जाळीपलीकडून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'ताईला कळवलंस?' मी मान खाली घातली. 'अजून नाही? भित्रा तो भित्राच राहिलास,' म्हणाल्या, आणि जाळीतून बोट घालून माझ्या बोटाला लावलं.

परवा बाबांना सांगितलं. तू जानेवारीत येणार म्हणून रोज तारीख विचारायचे ना, ते सहन होईना. मला वाटलं, मारतील. डाव्या हाताने मारू शकतात. ते खिडकीकडे बघत राहिले. जेवण नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जवळ बोलावलं आणि एकच शब्द बोलले. 'लिही.'

म्हणून लिहिलं. या पत्रात क्षमा मागत नाही. ती मागायची तर समोर उभं राहून, तुझ्या डोळ्यांत बघून मागायला हवी, आणि नेमकं तेच मी अशक्य करून ठेवलंय. रागावलीस तर रागाव. डॉक्टरीणबाई परत येताना चिठ्ठी दे, नाहीतर कोरा कागद दे. पण रविवारचा फोन बंद करू नकोस. माझ्याशी बोलू नकोस, मी काही न बोलता बाबांच्या कानाला लावीन.

खालची ओळ बाबांनी स्वतः डाव्या हाताने लिहिली आहे. वाचता आली नाही तर सांगतो, त्यांनी लिहिलंय: 'मी बरा आहे. येऊ नको. तिथेच काम कर.' शेवटच्या शब्दापाशी पेन घसरलं. दुसरा कागद देऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

तुझं नाव देणारा,
तुझा धाकटा भाऊ,
बारक्या