मागच्या सीटवरून

आबा,

आज अंग मोडून आलंय. दुखत असं काहीच नाही, नुसता शीण आहे. जेवणं झाली आहेत, ही आत आडवी झाली आहे, बाहेर पाऊस थांबून थांबून लागतोय आणि मी ओसरीवर कागद घेऊन बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमची एखादी शिवी आठवावी लागते. शिवी आठवली की आवाज मागोमाग येतो. आज सकाळपासून तो सारखा येतोय, म्हणून लिहितोय.

तुम्ही गेलात आणि गाडीचं हँडल माझ्या हातात आलं. तेव्हा वाटलं, चला, आता गाडी आपली. पोराची अक्कल, दुसरं काय. तेव्हापासून मी पुढे आणि कोणी ना कोणी मागे. आईला दवाखान्यात नेलं, धाकटीला सासरी पोचवलं आणि दोनदा तिथून परतही आणलं, हिला बाळंतपणाला माहेरी सोडलं. गव्हाची पोती नेली, एकदा तर पाय मोडलेलं करडूही. आणि रोजचं आपलं सोमाटणे ते लोणावळा. तिथल्या लॉजवर मी मॅनेजर आहे. म्हणजे शनिवार-रविवारी सगळं जग भुशी धरणावर भिजायला येतं आणि मी काउंटरमागे उभा राहून गरम पाणी किती वाजता येईल ते सांगत असतो. भिजलेली माणसं फार चिडकी असतात, आबा. त्यांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच गाड्यांच्या रांगेतून वाट काढत घरी यायचं. या सगळ्या वर्षांत मला कोणी मागे बसवून कुठे नेलंय असं आठवत नाही. तक्रार करत नाही, पण दमलोय हे खरं आहे.

तुमची नात आता लोणावळ्यालाच एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत कामाला आहे. तिनं स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली. स्कूटर घे म्हटलं तर म्हणाली, ''आपल्या गावच्या रस्त्याला स्कूटरची चाकं पुरत नाहीत, बाबा.'' बोलायला जागा ठेवत नाही, थेट तुमच्यावर गेलीय. आजवर आम्ही दोघं एकाच वेळी निघायचो. गाडी तिची, चालवायचो मी, किल्ली माझ्या खिशात. उद्यापासून तिची कामाची पाळी बदलतेय. ती पहाटे जाणार, मी दहाला. म्हणजे तिनं एकटीनं जुन्या हायवेनं, ऐन पावसात, ट्रकांच्या मधून जायचं. ही म्हणते, ''पाऊस सरेस्तोवर तिला एकटीला सोडायची न्हाई.'' पोर म्हणते, मग नोकरी सोडते. आणि दोघी मिळून म्हणतात, तुम्ही काय ते ठरवा. म्हणजे उद्या बरंवाईट काही झालं तर नाव कोणाचं, ते आधीच ठरलेलं आहे. म्हणून मी लॉजवरून सुट्टी मागून घेतली, रविवार असून. मालक आठवडाभर तोंड फुगवून राहील. आणि आज सकाळी पोरीला म्हटलं, तू चालव, मी मागे बसतो, लोणावळ्यापर्यंत जाऊन येऊ, मग सांगतो.

मागे बसणं मी विसरूनच गेलो होतो. माझं शेवटचं मागे बसणं तुमच्याच मागे. तुमची ती काळी गाडी, मध्ये मी, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई. देहूरोडला तुमच्या दारूगोळ्याच्या डेपोतल्या कोणाच्या तरी घरी बारसं नाहीतर लग्न असायचं आणि येताना मला हमखास झोप लागायची. मग तुम्ही पंचा माझ्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारायचात. आई करवादायची, ''झोपू नगं रं, पडशील.'' तुम्ही म्हणायचात, ''झोपू दे. भरवसा हाय म्हून झोपतंय पोरगं.'' तुमच्या पाठीला डेपोतल्या ग्रीसचा आणि तंबाखूचा वास असायचा. गाल लावला की इंजिनाची थरथर हाडात शिरायची. त्यापेक्षा चांगली झोप मला पुढे कधी लागली नाही.

गावातून बाहेर पडायच्या आतच चिखल लागला. पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणून ठेवलाय, माती तशीच पसरलेली. मागचं चाक रुतलं. पोरीनं मूठ पिळली, पण इंजिन नुसतं गुदमरल्यासारखं करायला लागलं. आताच्या गाड्यांत एक सोय असते, आबा, ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरायला लागलं, म्हणजे घसरतंय असं गाडीला कळतं, आणि ती आपणहून इंजिनाचा जोर कमी करते. ओल्या डांबरावर हे देवासारखं. पण चिखलात रुतल्यावर चाक जरा फिरल्याशिवाय वर येत नाही, आणि गाडी त्याला फिरूच देत नाही. पोरीनं मला उतरवलं, बोटानं एक बटण दाबून धरलं, समोर पिवळा दिवा लागला. मग सावकाश मूठ देत, चाक थोडं फिरू देत, गाडी काढली. दिवा तसाच राहिला. म्हणजे सोय बंद. मी मागे बसलो, तिच्या खांद्यावरून तो दिवा पाहत राहिलो आणि गप्प राहिलो. म्हटलं बघू, पुन्हा चालू करायचं आठवतंय का पोरीला. परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी, हा तुमचाच गुण माझ्यात उतरलाय.

तुम्ही मला हेच शिकवलं होतं, यंत्राशिवाय. भात काढल्यावरच्या वावरात, बांधाच्या कडेला, मुद्दाम पाणी सोडून. मी घसरायचो आणि घाबरून ब्रेकवर उभा राहायचो. तुम्ही बांधावर उकिडवे बसून ओरडायचात, ''बिरेक नगं. मूठ सोड, मूठ. चाक फिरलं की त्येला वाईच दम खाऊ दे.'' मी पडलो की उठवायला यायचा नाहीत. गाडी उभी करून, हँडल सरळ करून पुन्हा बसेपर्यंत तुम्ही शेंगा खात असायचात. माझ्या मनगटात ते मुरेपर्यंत एक अख्खी सुट्टी गेली. आता तेच काम एक बटण करतं. मला राग यायला हवा होता की हसू, ते कळलं नाही. बहुतेक हायसंच वाटलं.

सोमाटण्याच्या फाट्यावर पंप आहे. पेट्रोल कमी होतं. पोरीनं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि मी उतरायच्या आत म्हणाली, ''बाबा, उतरा, तिकडे कडेला जाऊन उभे राहा.'' आबा, मी जागच्या जागी गार झालो.

कारण ती शिस्त तुमची आहे. याच फाट्यावर, कॉलेजात असताना, मी ऐटीत गाडीवर बसून पेट्रोल भरून घेत होतो. भरणाऱ्यानं काठोकाठ भरलं आणि वर सांडलं, तापलेल्या इंजिनावर ओघळ गेला. तुम्ही मागे उभे होतात. कॉलर धरून मला खाली ओढलंत, चार लोकांसमोर. ''टाकीवर बसून प्याट्रोल भरतोस व्हय? मढं उचलायचंय का माज्या हातानं?'' मग फडक्यानं पुसलंत, गाडी ढकलत रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली नेलीत आणि तिथं नुसतंच उभं केलंत. मला पोरी बघत होत्या. मी किक मारायला गेलो तर हात धरलात. ''वास येतोय तवर न्हाई. प्याट्रोल दिसतं तेवडंच नसतं, वास बी प्याट्रोलच असतो.'' डेपोत जन्म घालवलेला माणूस, तुम्हाला ठिणगीची भीती आमच्या सापाच्या भीतीसारखी. आणि पंपावरचा तो खांब. डेपोत आत शिरताना दारापाशी धातूची पट्टी होती म्हणे, तिला उघडा हात लावल्याशिवाय आत सोडत नसत, कपड्यांत साठलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून. तुम्ही ती सवय पंपावर आणलीत. टाकीचं झाकण उघडायच्या आधी पंपाच्या लोखंडी खांबाला तळहात टेकवायचा. लोकांना वाटायचं, नमस्कार करताय. एका म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, ''काय देव हाय का ह्यात?'' तुम्ही म्हणालात, ''हाय की. लय तापट हाय.'' त्यानंही मग जाता जाता हात लावला आणि छातीला टेकवला.

तर आज पोरीनं गाडी स्टँडला लावली, मोबाईल बॅगेत टाकला, आणि पावसाच्या जॅकेटची बाही मागे सारून त्या खांबाला हात टेकवला. मी तिला हे कधी शिकवलं नाही, आबा. मी करतो, ते तिनं लहानपणापासून पाहिलंय, एवढंच. मग किल्ली काढून त्याच किल्लीनं टाकी उघडली आणि भरणाऱ्याला म्हणाली, ''दादा, गळ्याच्या खालीच थांबवा, वर नको.'' तो म्हणाला, ''मॅडम, अजून बसंल की.'' ती म्हणाली, ''बसेल, पण नको. उन्हात फुगतं.'' तो आभाळाकडे बघून हसला. ऊन कुठे होतं? पण तिनं ऐकलं नाही. झाकण लावलं, गाडी ढकलत माझ्यापर्यंत आणली, मगच सुरू केली.

मी मागे बसलो आणि पुढे डोकावलो. पिवळा दिवा विझलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, ''ते बटण पुन्हा दाबलंस का? चिखलात बंद केलं होतंस.''

''दाबावं लागत नाही या गाडीला. किल्ली बंद करून परत चालू केली की ते आपोआप सुरू होतं. पंपावर किल्ली काढतोच ना आपण.'' मग थोडं थांबून म्हणाली, ''तुम्ही मगापासून बघत होतात ना? बोलायचं की मग.''

मी मागचा दांडा घट्ट धरला.

वडगाव गेलं, कामशेत गेलं. माझा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता. पुढे ट्रक दिसला की दाब, कुत्रं दिसलं की दाब. मागच्याच्या पायाखाली ब्रेक नसतो हे पायाला कोण सांगणार? पोटरीत गोळा आला. लोणावळ्याच्या अलीकडे एका वळणावर डंपरमधून पडलेली माती पावसानं पसरून लोणी झाली होती. ती दिसली तेव्हा आम्ही तिच्यावरच होतो. मागचं चाक हळूच बाजूला गेलं. मी पाय असा दाबला की फूटरेस्ट मोडेल. समोर तो दिवा लुकलुकला, इंजिनाचा आवाज बसला, गाडी एकदा डुलली आणि सरळ झाली. पोर ब्रेकवर उभी राहिली नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशी थांबल्यावर मी विचारलं, ''मघाशी सावरलं कोणी? तू का गाडीनं?''

तिनं हेल्मेट काढून विचार केला. ''मूठ मी सोडली होती. पण आधी तिनं जोर कमी केला का मी, ते खरंच नाही सांगता येणार.'' मग म्हणाली, ''तिच्यावर सगळं टाकून नाही चालत, बाबा. वळणावर जास्त झुकवली किंवा ब्रेक करकचून दाबला तर ती काय करणार? ती फक्त मागचं चाक मोकाट सुटू देत नाही. बाकी आपल्यालाच बघायचंय.''

उत्तर बरोबर होतं. सावरलं मीच, असं ती म्हणाली असती तर मी किल्ली खिशात घातली असती. तरी निकाल राखून ठेवला. म्हटलं, परतीची वाट अजून बाकी आहे. उताराची, गर्दीची, भुशीहून परतणाऱ्या गाड्यांची. खरी परीक्षा तीच, हे घरी हिला निघतानाच सांगून आलो होतो.

घरी पोचलो तेव्हा ही दारातच होती. ''एवढा उशीर? किती येळ झाला, जीव टांगणीला माजा.''

पोर गाडी आत घेत म्हणाली, ''रस्ता खराब होता, आई. हळू आणली.'' माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

जेवताना हिनं पुन्हा विचारलं, ''मंग? परतीला कशी चालवली? नीट बगितलं न्हवं तुमी?''

''नीट बघितलं,'' मी म्हणालो. ''सोडायला हरकत नाही.'' आणि किल्ली पोरीच्या ताटाशेजारी ठेवली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, टाकणार तरी कुठे? चुलीत जाईल, किंवा गादीखाली राहील. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि हिला सांगायची माझी छाती नाही. मी काही बघितलं नाही, आबा. परतीला कामशेत मागे पडलं एवढं आठवतं. पाय दाबायचा कधी थांबला, माझं डोकं तिच्या पाठीला कधी टेकलं, मला ठाऊक नाही. सोमाटण्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा जाग आली. तोवर मी झोपलो होतो.