लंबूचे सर

३ ऑक्टोबर
लंबूला मिळालं! जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस! बातमी लागली तेव्हा हे अर्ध्या गालाला साबण लावून उभे. तसेच ओरडत स्वयंपाकघरात आले. यांच्या हाताखाली शिकलेल्यांत हे मिळवणारा हा तिसरा. यांना स्वतःला? कॉलेजनं कधी पाठीवर साधी थापही मारली नाही.

४ ऑक्टोबर
पेपरवाले येऊन गेले. लंबू कुठे बसायचा, काय खायचा — सगळं विचारून झालं. यांच्या कामाबद्दल चकार शब्द नाही. फोटोवाला म्हणतो, "आजोबा, जरा बाजूला होता का? फळा झाकला जातोय." आणि हे झाले की बाजूला! हसत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

५ ऑक्टोबर
न राहवून बोललेच. "ज्यावर त्याला बक्षीस मिळालं, ते ताऱ्यांचं गणित मुळात तुमचं. याच घरात, याच फळ्यावर मांडलेलं. मला कळत नसलं तरी डोळे आहेत."
चष्मा पुसत म्हणाले, "मांडलं मी. पण उत्तरं दोन यायला लागली. एक सरळ, एक विचित्र. मी घाबरून सोडून दिलं. त्यानं सरळ उत्तर धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. मग बक्षीस कोणाचं?"
"निदान कुठे उल्लेख तरी—"
"अगं, आपलाच ना तो!"
झालं. विषय संपला.

६ ऑक्टोबर
दिवसभर अबोला धरला. यांच्या लक्षातही आलं नाही!!

११ ऑक्टोबर
लंबू आला. केस पिकलेत, पण बूट अजून तसेच दारात भिरकावतो. "काकू, भूक लागलीय," म्हणत थेट ओट्यापाशी. मी तोंड फुगवूनच वाढलं.
जेवण होतंय न होतंय तोच दोघं फळ्यापाशी. ताऱ्यांच्या पोटात काय चालतं, त्यावरून जुंपली. हे सांगत काहीच नव्हते. नुसतं विचारायचे, "बरं, मग?" एवढा मोठा माणूस — अडखळला, पुसलं, पुन्हा मांडलं. मग एकदम थांबला.
"सर... तुमचं ते विचित्र उत्तर... तेही खरं आहे की हो!"
हे खडू धरून उभे. कान लालबुंद — नव्या नवऱ्यासारखे! माझा राग कुठच्या कुठे पळाला.

१२ ऑक्टोबर
लंबू निघाला. या दुसऱ्या उत्तरावर दोघं मिळून लिहिणार आहेत. मी दाराआड होते. हे त्याची बाही धरून, अगदी हळू म्हणाले, "या खेपेला माझं नाव घालशील ना रे?"