प्रश्न फक्त मायलेजचा आहे

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
निर्णय पक्का. स्पोर्ट्स सेडान घ्यायची. लेक दोन वर्षांनी घरी येतेय. २८ तारीख, दुपारी दोनचं विमान. काल फोनवर तिला सांगून टाकलं, टॅक्सी वगैरे काही नाही, मी स्वतः गाडी घेऊन येतो. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? आनंद झाला असणार.

मागच्या वेळी तिला सोडायला जाताना जुन्या गाडीचं इंजिन उड्डाणपुलावर गरम झालं, तिचं विमान चुकलं. मग गाडी विकली. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही, कारण गाडीच नव्हती. दुसरं कारण नाही.

५ फेब्रुवारी
बावीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतोय. गाडीतलं मला नाही कळणार तर कोणाला? आज तीन पाहिल्या. तिसरीचं बोनट थेट सीटपर्यंत आत आलेलं. अहवालात गाडीचा नंबर दोनदा चुकवला. चहा कमी केला पाहिजे.

तिथून शोरूम. ऑप्शन निवडले. गुडघ्यांसमोर जादा एअरबॅग. आपोआप लागणारे ब्रेक. बाजूने कुणी आलं की आरशात लागणारा दिवा. आतल्या दिव्यांचे चौसष्ट रंग नकोत, त्याने जीव वाचत नाही. कमाल वेग अडीचशे आहे म्हणे. साठवर करून मिळेल का, विचारलं. सेल्समनला विनोद वाटला. वाटू दे.

९ फेब्रुवारी
टेस्ट ड्राइव्ह. सेल्समन म्हणाला, चालवून बघा. मी म्हटलं, कंबर धरलीय. शिवाय खरा जाणकार मागे बसूनच गाडी पारखतो. उड्डाणपूल आला तेव्हा डोळे मिटून सस्पेन्शन तपासलं. उत्तम आहे. उतरल्यावर शर्ट पाठीला चिकटला होता. लेदर सीटमुळे.

१२ फेब्रुवारी
प्रश्न फक्त मायलेजचा आहे. पेट्रोलची लिटरला नऊ देते, हायब्रिड सोळा. हायब्रिडसाठी मात्र सहा महिने थांबावं लागेल. माणसाने दूरचं बघावं. हायब्रिडच घेणार. दुपारी झकास झोप लागली, कित्येक दिवसांनी.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मग सहा महिने पोरीने विमानतळावरच मुक्काम करायचा का.

१३ फेब्रुवारी
सेल्समनचा फोन. कुणीतरी बुकिंग रद्द केलंय, पेट्रोलची तयार आहे, ऑप्शन अगदी मला हवे तेच. रंग आवडला नाही म्हणायला गेलो, तर रंगही मीच मागितलेला निघाला. ही म्हणाली, याला नशीब लागतं. खरंय, लागतं.

१९ फेब्रुवारी
गाडी आली. सेल्समनने स्वतः आणून इमारतीच्या तळघरात, आमच्या पार्किंगमध्ये लावून दिली. शेजारी कौतुक करून गेले. माझ्या छातीत धडधड. आनंदाची.

२२ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून रोज सराव. सुरू केली. बंद केली. इंजिनचा आवाज छान, फक्त जरा जवळून येतो. उद्या समोरच्या खांबापर्यंत.

२३ फेब्रुवारी
खांबापर्यंत गेलो. परत मागे घेताना घाम फुटला. एसी लावायचा राहिला होता.

२५ फेब्रुवारी
आज गेटपर्यंत जाणारच होतो. गेटबाहेर ट्रक उभा. बाहेर नेहमी काहीतरी असतंच.

२६ फेब्रुवारी
शुद्ध फसवणूक. स्क्रीनवर मायलेज दीड दाखवतंय. सेल्समनला झापलं, नऊ म्हणाला होतात. त्याने विचारलं, सर, एकूण चालली किती? मी म्हटलं, मुद्दा तो नाही.

२७ फेब्रुवारी
हिला म्हटलं, तूही चल उद्या. म्हणाली, बापलेकींनी गप्पा मारत या, मी घर आवरते.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
निघतोय. लवकर निघालेलं बरं.

११.४०
अजून तळघरात. आरसे नीट लावतोय. ही कामं घाईत करू नयेत.

१.१५
हिचा फोन, पोचलात का. म्हटलं, ट्रॅफिक आहे. समोर फक्त खांब आहे.

२.२०
लेकीचा मेसेज. उतरले, कुठे आहेस? लिहिलं, वाटेत. बोट स्टार्टच्या बटणावर ठेवलंय, दाबलं जात नाही. मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं, इथे कोण वाचतंय.

संध्याकाळी ६
पावणेचारला काचेवर टकटक. लेक, बॅगेसकट. टॅक्सीने आली, थेट तळघरात. मी घ्यायला येतो म्हटलं, तो फोन ठेवल्या ठेवल्याच बुक केली होती, असं तिनेच सांगितलं. चेष्टा केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या सीटवर येऊन बसली. समोरच्या खांबाकडे बघून तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "बाबा, मागच्या वेळीही इंजिन ठीकच होतं ना?"

म्हटलं, "हो. मी घाबरलो होतो."

"माहीत आहे. मी बाजूलाच होते की."

दोन वर्षं तिला माहीत होतं आणि ती बोलली नाही. मला फार लाज वाटली. तेवढ्यात हिचा फोन, कुठवर आलात. तो लेकीने घेतला. पोचलोच, वर येतोय म्हणाली. बाकी काही सांगितलं नाही.

बॅग मी उचलली. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत लेकीला मीच आणलं.