न गळणाऱ्या कवेलूखालचा गंज

माय,

नाताळ होऊन दोन दिवस झाले आणि सकाळपासून पाऊस लागला आहे. वेचायचा कापूस झाडावरच भिजून राह्यला. बाबा दारात बसून आभाळ पाहतात, मी कापसाच्या खोलीत. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून आमचं बोलणं तसं बंदच आहे. पहिली सर आली तसे बाबा उठले, थेंब झेलायचं ते मोठं पातेलं, तोच गंज, आणला आणि कापसाच्या ढिगावर त्याच जागी ठेवला, जिथे तू ठेवायचीस.

मी सहावीत असेन. तुझ्यावर चिडून दवात भिजलेला कापूस तसाच कोरड्या ढिगावर ओतला. मधे एक पाऊसही येऊन गेलता. चार दिवसांनी तू हात घातलास तर आत गरम, पिवळा. "काऊन रे, हे कसं झालं?" मी वर छपराच्या कौलांकडे बोट दाखवलं, "कवेलू गळते." दिवसभर एकटीने ढीग उपसलास. मग दर पावसात तिथे गंज. तू जाऊन नऊ वर्षं झाली, त्यात कधी थेंब पडला नाही.

माय, एक पोरगी आहे. कॉलेजात सोबत होती. तिच्यावरून एकाने टोमणा मारला, मी त्याची कॉलर धरली. ती मलाच म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुले? माह्या नावानं तमाशा कायले?" ते इतकं लागलं की मी परत गेलोच नाही. तिला मात्र सांगितलं, मला कॉलेजातून काढून टाकलं. आता सुट्टीत ती पुलगावला घरी आली आहे. काल फोनवर रडत होती. "माह्यापायी झालं. कॉलेज उघडलं की मी प्राचार्यांच्या पाया पडीन, घेतीन ते तुले परत." मी नुसतं "बरं" म्हटलं.

आज दुपारी बाबांना सांगून टाकलं, "बाबा, इथं गळत नाई. ओला कापूस मीच टाकला होता."

"मले काय सांगतं? तुह्या मायले तवाच माहीत होतं. त्याच दिवशी वर चढून पाह्यलं तिनं."

"मग गंज कायले?"

"म्हणे, पोरगा सांगन कधीतरी. तवा उचलू."

गंज मी चुलीजवळ नेऊन ठेवला. पाऊस चालूच आहे. त्या पोरीचा नंबर काढून बसलो आहे, लावला नाही. स्वतःला दोष देते म्हणून तरी ती फोन करते, माय. खरं कळलं तर कशाला करेल?