आमचं आम्ही बघतो

ब्रायर फोर्क
८ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. डोव्हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी कंबर आता कशी आहे? कॉयरावांचा खोकला उताराला लागला का? खाणीची धूळ एकदा छातीत शिरली की घरजावयासारखी ठाण मांडून बसते, तरी त्यांना म्हणावं, या थंडीत अंगणात इंजिनं खोलत बसू नका. धाकट्या नातवाचा कान वाहायचा थांबला का? तपकिरी गाय व्यायली का? आणि आमची ट्वायला? तिची खुशाली सगळ्यांत शेवटी विचारतो, कारण हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

झेला ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड गुडघ्यांपेक्षा जास्त चालतं, तेव्हा काळजी नसावी.

इकडचं तू ऐकलंच असशील. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाऊस लागला आणि पडता पडता गोठत गेला. सकाळी बघावं तर सगळा डोंगर काचेचा. फांद्या गोळी सुटल्यासारख्या फुटत होत्या, खांब एकावर एक कोलमडले. वीज गेली, सोमवारी दुपारनंतर बहुतेक फोनही गेले. रस्ते तर झाडांनी शिवून टाकल्यासारखे. आपल्या अग्निशमनाच्या पोरांनी, त्या हॉबर्टच्या माणसांनी, हाताला फोड येईतो करवती चालवल्या. पण आभाळच फाटलं तर ठिगळ लावणार कुठं? शेवटी नॅशनल गार्डची, राज्याच्या राखीव फौजेची, माणसं आली नि दोन दिवसांत त्यांनी काउंटी मोकळी केली. बंदूक एकाच्याही हातात नाही. करवती, पाण्याचे टँकर आणि चिखलातून रणगाड्यासारख्या चालणाऱ्या गाड्या. त्यांचा पोरगेला लेफ्टनंट माझ्यापुढे उभा राहून म्हणाला की जज्जसाहेब, काउंटीचे प्रमुख तुम्ही, आधी कुठल्या घळीत जायचं ते तुम्ही सांगायचं, आम्ही जायचं.

त्यांच्यात ट्वायला होती. केनीच्या घळीतल्या ओमाबाईंना तिच्याच तुकडीनं बाहेर काढलं. त्यांचा गोठलेला पाय कापावा लागला, ते कळलं असेल. फार वाईट झालं.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. पोरगी कचेरीत आली, सलाम ठोकला आणि मला सर म्हणाली. मामा नाही, सर! मी म्हटलं, चारचौघांत शिस्त असेल. पण झेलानं सगळ्या तुकडीला घरी बोलावून घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव वाढला, पोरं भांडी चाटूनपुसून गेली, आणि ही एकटी बाहेर गाडीच्या पायरीवर बसून पाकिटातलं कोरडं खात राहिली. झेला दोनदा बोलवायला गेली. भूक नाही म्हणाली. म्हणजे हातातलं काय होतं?

चर्चमध्ये गार्डच्या पोरांसाठी जेवण करायचं घाटतंय. लोकांनी माझ्याही नावाची, आभाराची एक फळी रंगवायला टाकली आहे, उगाच आपलं कौतुक. ट्वायलानं यावं असं वाटतं. तिच्या मनात काय आहे ते काढून घे आणि मला कळव.

तुझा,
एस्टिलदादा

—

मिलस्टोन
१४ फेब्रुवारी १९९६

ती. एस्टिलदादास,
शि. सा. न. वि. वि.

माझी कंबर आहे तिथंच आहे, ती कुठं जाते! यांचा खोकला रात्री कमी, दिवसा जास्त, कारण दिवसा ऐकायला माणसं असतात. कान बरा. गाय व्यायली, कालवड झाली. झेलावहिनीला सांग, तिच्या सुक्या सफरचंदाच्या केकची वाट बघून आम्ही म्हातारे होतोय.

एवढं हसून झालं. आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तू विचारलंस.

ट्वायला सांगायला तयार नव्हती. आठ दिवस शाळेची बस चालवून यायची नि गप्प बसायची. काल स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलली. तिच्या कंपनीला सोमवारीच हुकूम झाला होता, दादा. इथंच, आमच्या गावातल्या गार्डच्या हॉलमध्ये ती सगळी होती. खाटा मांडलेल्या, गाड्यांच्या चाकांना साखळ्या चढवलेल्या. त्याच त्याच करवतींना धार लावत, पत्ते कुटत बसली होती. बाकीच्या काउंट्यांनी मदत मागितली, तिकडच्या तुकड्या गेल्या. हिची कंपनी तुझ्यासाठी राखून ठेवली होती आणि तुझ्याकडून मागणी येत नव्हती.

मंगळवारी त्यांनी रेडिओवर तुला ऐकलं. आमचं आम्ही बघतो, आमची माणसं कुणापुढं हात पसरत नाहीत, असं तू म्हणालास म्हणे. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ट्वायला कॅप्टनकडे गेली आणि म्हणाली की तो माझा मामा आहे, तिथली प्रत्येक घळ मला माहीत आहे, मला एक गाडी द्या. कॅप्टननं तिला सांगितलं की काउंटीनं मागितल्याशिवाय आणि राज्यानं धाडल्याशिवाय आपण हद्द ओलांडायची नाही. पोरगी मला रडत रडतच सांगत होती की आई, तो बरोबरच बोलत होता; सैनिक न बोलावता घरात शिरायला लागले तर ते बर्फापेक्षा वाईट. कॅप्टननं राज्याच्या कचेरीकडून तुला पुन्हा विचारायला लावलं. उत्तर आलं की गरज नाही.

हे खरं आहे का?

ओमाबाईंना तिनंच घोंगडीत गुंडाळून ओढ्यातून खाली आणलं. म्हातारी सगळ्या वाटेनं तुझे गुण गात होती, एस्टिलनं तुम्हांला धाडलं, त्याचं भलं होवो म्हणून. तेवढं ऐकून तुझ्या घरी पोरीच्या घशाखाली घास कसा उतरावा?

मी तिला म्हटलं आहे की दादा तसा नाही, काहीतरी कारण असेल. ते काय, ते लिही.

तुझी,
डोव्ही

—

ब्रायर फोर्क
१९ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. डोव्हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालवडीचं वाचून बरं वाटलं. बाकी पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठवेना. झेलानं विचारलं तर डोकं दुखतं म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

खरं आहे. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी नको म्हणालो. बुधवारी हॉबर्ट आला, भिजलेले हातमोजे त्यानं माझ्या टेबलावर आपटले आणि म्हणाला की जज्जसाहेब, माझी पोरं उभ्यानं झोपताहेत, आता तरी मागा. तेव्हा मागितलं. गुरुवारी उजाडता उजाडता गार्ड हजर झाले.

कारण विचारतेस, तर ऐक. खाणीच्या संपाच्या साली तू पाळण्यात होतीस. मला आठवतं. गार्डचे तंबू शाळेच्या पटांगणात पडले होते, संगिनी लावलेल्या. आपल्या बाबांना डोक्यावर हात ठेवून रस्त्यात उभं केलं होतं, शेजारपाजारच्या देखत. घरी आल्यावर ते चुलीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले की आपल्या घरातलं कुणी या गणवेशाला कधी हाक मारणार नाही. ट्वायला भरती झाली तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो ते यापायीच. राज्याच्या कचेरीचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले.

आणि ते विचारतात काय, तर तुमची स्वतःची ताकद संपली आहे का. मागायचं तर हो म्हणावं लागतं. तो होकार माझ्या तोंडून निघेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपण शिकलो.

आता पेट्रोल पंपावर लोक येऊन हात हातात घेतात. मी तो सोडवून घेतो. थंडीची सबब सांगून चर्चचं जेवण पुढं ढकललं आहे. रंगवलेली फळी कुणीतरी कचेरीत आणून भिंतीला टेकवून ठेवली आहे, मी तिचं तोंड भिंतीकडे केलं.

ट्वायलाला आजोबांचं एवढं समजावून सांग. तिला पटेल.

तुझा,
एस्टिलदादा

—

मिलस्टोन
२४ फेब्रुवारी १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगणार नाही.

बाबांना यात ओढू नकोस. खाणमालकाच्या दोस्तांनी गार्डला आपल्या माणसांवर घातलं म्हणून बाबा चिडले होते. घळीत एकटी म्हातारी थंड चुलीपुढं बसली आहे असं त्यांना कळतं, तर त्यांनी सैतानालाही हाक मारली असती आणि वर त्याला जेवू घातलं असतं. तूही हे जाणतोस. फोन हातात असताना तुला बाबा दिसत होते की नोव्हेंबरची निवडणूक, ते मी विचारत नाही. तुझं तुला ठाऊक.

मी तुझी बहीण, मला सांगणं सोपं आहे. ज्यांना सांगायचं त्यांना सांग. त्याआधी ट्वायलाला निरोप धाडू नकोस, मी पोचवणार नाही. यांनी नमस्कार सांगितला आहे, आणि पत्र फार कडक झालं असं म्हणताहेत. होऊ दे.

तरीही तुझीच,
डोव्ही

—

ब्रायर फोर्क
१० मार्च १९९६

चि. ट्वायलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईला न विचारता हे पत्र थेट तुला धाडतो आहे. तिनं घातलेली अट पुरी केली आहे, म्हणून.

ओमाबाईंना भेटायला हॉस्पिटलात गेलो होतो. हातात फुलं होती आणि झेलानं केलेला केक. बाई उशीला टेकून बसली होती. चादर डाव्या बाजूला जिथं संपू नये तिथं सपाट झालेली. मला पाहून तोंडभर हसली. मी बसलोही नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं की गार्ड सोमवारीच तयार होते, मला दोनदा विचारलं, मी नको म्हणालो. बाबांचं नाव घेतलं नाही. बुधवारपर्यंत मला माझ्या खुर्चीची काळजी होती, हे मात्र सांगितलं. ते आजवर झेलालाही बोललो नव्हतो.

बाईनं केकचा डबा बाजूला सारला. मग तिनं जे सांगितलं ते तुलाही ठाऊक नसेल. मंगळवारी दुपारी हॉबर्टचा एक माणूस पायी पायी ओढ्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला होता. त्यानं ओरडून विचारलं की आजी, काही हवंय का? तेव्हा तिची सुकी लाकडं संपत आली होती. लाकडांच्या खोपटाचं दार बर्फानं बंद. सकाळीच ओढ्यात पाय घसरून बूट भिजलेले. तरी ती म्हणाली की माझं बरं चाललंय, तू दुसरीकडे जा. तो गेला.

मी विचारलं की का हो, असं का म्हणालात? तर म्हणाली की घटकाभर आधीच रेडिओवर तू बोललास. आपली माणसं कुणापुढं हात पसरत नाहीत म्हणालास. मी मनाशी म्हटलं, आता आपणच हात पसरायचे, तर एस्टिलची मान खाली जाईल.

ट्वायला, ही खुर्ची मिळेपर्यंत मी खाणीत वाकून काम केलं, पण त्या दिवशी वाकलो तसा कधी वाकलो नव्हतो. तोवर मी समजत होतो की माझ्या हातून फक्त उशीर झाला. उशीर तर झालाच. पण मदत दारात येऊन उभी होती, आणि तिला परत पाठवायला म्हातारीला मी शिकवलं होतं.

क्षमा माग असं तू म्हणशील. मागितली. बाई म्हणाली की आत्ता काही ठरलं नाही, पुढच्या आठवड्यात ये, तोवर बघते. आणि येताना रिकाम्या हातानं ये, केकनं मला लाच देऊ नकोस. गेलो पुन्हा. म्हणाली, अजून ठरलं नाही. आता तिचा मुलगा तिला ओहायोला घेऊन जातोय. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या घळीतून हललेली नाही. एका पायानं तो चढ तिला आता जमणार नाही.

त्यानंतर काउंटीच्या सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तिथं झालं त्याची मला जास्त लाज वाटली. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागच्या बाकावरनं एक जण ओरडला की बरोबर केलंत जज्जसाहेब, कशाला हवेत ते शिपाई. हॉबर्ट टोपी हातात फिरवत खाली बघत होता. मी म्हटलं, टाळ्या थांबवा, ओमाबाईंना पाय होता. मग टाळ्या थांबल्या. काही जण उठून गेले. चर्चच्या जेवणाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. शनिवारी रेडिओवरही गेलो, त्याच माणसापुढे, त्याच माइकवर. हात पसरू नका असं मी म्हणालो होतो ते चूक होतं, एवढंच सांगितलं. सजवून बोलायला गेलो असतो तर पुन्हा घसरलो असतो.

नोव्हेंबरमध्ये मी उभा राहणार नाही. पण तोवर खुर्चीत मीच आहे आणि वसंतात ओढे चढतात हे तुला सांगायला नको. आमच्याकडे कुणालाच धड माहीत नाही की राज्याकडे मागायचं केव्हा, काय शब्दांत, आणि तुम्ही लोक आलात की तुमच्या हातात आधी काय द्यायचं. लेफ्टनंटनं मला आधी कुठं जायचं विचारलं तेव्हा मी मोठे रस्ते सांगितले, बेटा. एकट्या म्हाताऱ्यांची घरं सांगायचं मला सुचलं नाही. केनीच्या घळीत तू आपणहून गेलीस.

म्हणून तुला विचारतो. तुझ्या कंपनीला चालत असेल आणि तुझा एखादा शनिवार मोकळा असेल, तर इकडे ये. हॉबर्टची माणसं, चर्चच्या बाया आणि मी, सगळे बसतो. कसं मागायचं ते आम्हांला शिकव. माझ्या घरी जेवायची सक्ती नाही. डबा आणलास तरी झेला काही बोलणार नाही, तिला मी सांगून ठेवलं आहे.

मला मामा म्हण असंही म्हणत नाही. ते तुझ्यावर.

आजवर मी कुणाला पत्र लिहून काही मागितलेलं नाही, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले असतील तर सांभाळून घे. येशील की नाही, एवढं एका ओळीत लवकर लिही. नाही असेल, तरीही लिही.

तुझी वाट बघणारा,
एस्टिल