मशीनचा पट्टा मी नेलाय

सूनबाई,

तुला गाढ झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. मी दुकान उघडायला जातेय. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा काढून सोबत नेलाय, शोधत बसू नकोस. पोटावरची जखम ओली असताना पायडल मारायला बसशील, मी ओळखून आहे तुला.

खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धर. घरातल्या घरात थोडं चाल. बारीकसा डाग दिसला तर घाबरू नकोस. पण रक्त जास्त गेलं, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं तर लगेच फोन कर. गिऱ्हाईक थांबेल.

समोरची येईल आणि ‘आता मुलाचं काय’ म्हणून विचारेल. तिला म्हणावं, सासूबाई आल्यावर या, उत्तर त्या देतील.

तू उचलू नयेस म्हणून बादली मी कालच गॅलरीत ठेवली. तरी संध्याकाळी न्हाणीघरातला नळ बराच वेळ चालू होता. माझी पिशवी काढली तेव्हा मीही नळ सोडून रडायचे, माझ्या सासूला कळू नये म्हणून.

तू नळ सोडू नकोस. मला ऐकू येऊ दे.

आई